खडीच्या ढिगावरची टिटवी

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणातील खडीच्या ढिगाने मला थांबविले. सोबतचे छायाचित्र त्याच ढिगाचे आहे... त्यामागची हकिकत आपणा सर्वांस सांगावी, असे मनात आले.

माझे शिक्षण चौथीपर्यंत. रेल्वेत मी कीमन होतो, म्हणजे रोज पहाटे ठरलेल्या अंतराचे रूळ पायी चालून तपासणारा. निवृत्तीनंतर पूर्णा गावाजवळच्या चुडाव्यास घर केले, परंतु पायांची सवय गेली नाही. मुलीने मोबाईल दिल्यापासून मी रोज सकाळी अंगणाचा फेरा करतो आणि ठरलेल्या बारा ठिकाणी उभा राहून बारा फोटो काढतो. आजचा फोटो कालच्या फोटोशेजारी ठेवून पाहतो. रूळ असाच पाहावा लागतो... काल काय नव्हते, ते आज दिसले पाहिजे.

या रीतीने मला पुष्कळ मिळाले आहे. थंडीत ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे, फाल्गुनात शेवग्याच्या फुलांत शिरणारा इवला शिंजीर पक्षी, पावसाळ्यात जास्वंदीखाली अंग चोरून बसलेली आमची मनी मांजर. एकाच शेवग्याचे चारही ऋतू माझ्याजवळ आहेत. हे मी अभिमानाने सांगतो.

तर त्या सकाळी खडीच्या ढिगाचा फोटो मोठा करून पाहिला. चार खडे निराळे वाटले; कालच्या फोटोत तसे तीनच होते. चारही खड्यांची निमुळती टोके मध्यभागी वळलेली होती... क्रशरची खडी इतक्या शिस्तीने पडत नाही. ती टिटवीची अंडी होती.

खडी आणली होती मुलाच्या, म्हणजे विलासच्या, नव्या खोलीसाठी. त्याने मोठ्या मिनतवारीने मिस्त्री मिळविला होता आणि काम त्याच दिवशी सुरू व्हायचे होते. मी ढिगाला हात लावू नका, असे सांगितले. मिस्त्रीने वाकून पाहिले. त्याला काहीच दिसले नाही.

"आबा, खडीत आंडे कुठून येतेत? उनानं तुमाला खडाच आंडं दिसायलाय."

विलासही हसला. मला ते लागले, हे मान्य करतो. तीस वर्षे ज्या डोळ्यांच्या भरवशावर गाड्या गेल्या, त्या डोळ्यांवर घरातच शंका... मी मोबाईल काढून कालचा आणि आजचा, असे दोन्ही फोटो मिस्त्रीसमोर धरले. त्याने कालचे तीन आणि आजचे चार बोटाने मोजले. मग त्याने फावडे उचलले आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूस गेला. तिकडून खडी घेऊ, खोलीसमोरचा ओटा उरलेल्या खडीतून मागाहून करू, असे त्याने विलासला परस्पर सांगून टाकले.

मला फार समाधान वाटले. त्या भरात मी एक काठी घेतली, तिला लाल कापड बांधले आणि अंड्यांपासून हातभर अंतरावर ढिगात रोवून दिली. आता कोणाची हिंमत होणार नाही, असे वाटले.

हिंमत टिटवीचीही झाली नाही. ती कुंपणावरून ओरडत राहिली, ढिगापर्यंत येई आणि फडफडणारे कापड पाहून परत फिरे. ऊन चढत होते. खडीला हात लावला तर चटका बसत होता. अशा उन्हात उघडी अंडी दुपारपर्यंत टिकणार नाहीत, हे मला कळत होते... परंतु दोष मिस्त्रीसोबतच्या कामगारांच्या आवाजाचा आहे, असे समजून मी त्यांनाच गप्प करीत होतो.

सौभाग्यवती दारात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाडी थांबवायला झेंडा कामाच्या जागीच रोवत व्हते का तुमी? लय लांब रोवावा लागतो म्हणून जलमभर आमालाच सांगायलेत."

मी तडक ढिगाकडे गेलो. काठी उपटली आणि थेट फाटकापाशी नेऊन रोवली. मिस्त्रीने न सांगता काम थांबवून माणसे शेवग्याखाली बसविली.

थोड्या वेळाने टिटवी उतरली... पण ढिगावर नाही. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या परातीत ती पोटापर्यंत बसली, पिसे भिजविली आणि निथळत्या अंगाने चालत जाऊन तापलेल्या अंड्यांना गारवा देत त्यांच्यावर बसली. मी जागच्या जागी बसून फोटो घेतला. फोटो जराही हलला नाही.

पुढे जवळजवळ चार आठवडे फाटकावर लाल कापड राहिले. येणारा प्रत्येक जण तेथूनच हाक मारीत असे. एका सकाळच्या फोटोत चार कवचे फुटलेली होती आणि काटक्यांसारख्या पायांवर चार पिल्ले आईमागे कुंपणाकडे निघाली होती. ओटा त्यानंतर झाला. मिस्त्रीने तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला.

ओल्या पोटाच्या टिटवीचा फोटो पूर्णेहून मोठा करून आणला आणि नव्या खोलीत लावला. सौभाग्यवतींनी चष्मा लावून तो जवळून पाहिला. "पोटाखालचं पाणी टिपकताना दिसायलंय," एवढेच म्हणाल्या.

त्यांनी माझ्या फोटोला चांगले म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग. फोटो माझा आहे... पण तो घडला त्यांच्यामुळे, हे येथे सर्वांसमक्ष नोंदवितो.