अजून जोर लावा

रविवारची दुपार. बाहेर रस्ता तापून पांढरा पडला आहे. प्रतिभा पिंपळशेंडे कूलरसमोर चटई टाकून आडवी झाली आहे. डोळा लागतो आणि पुन्हा उघडतो. कूलरचा पंखा घरघरतो, मध्येच अडतो, पुन्हा घरघरतो. कुणीतरी धापा टाकत जिना चढावा तसा.

डोक्यातून कालचं शाळेतलं शिबिर जात नाही. कोळशाच्या पट्ट्यातल्या अकरा गावांची हवा कशी बदलते आहे, माणसांच्या छातीचं त्यात काय होतं आहे, याची पाहणी पाच वर्षं चालली आहे. दर वर्षी त्याच माणसांनी प्रतिभाच्या दम मोजायच्या यंत्रात फुंकायचं, तिनं आलेख काढायचा. काल एक बाई रांग सोडून पुढं आली आणि टेबलावर नवऱ्याचं कार्ड ठेवून म्हणाली, "यायचं नाव काटा मॅडम. संक्रांतीच्या आधीच गेले."

कार्ड ऋषी उरकुडेचं होतं. वय एक्कावन्न, काम रेल्वेच्या सायडिंगवर मालगाडीतून कोळसा उतरवण्याचं. मागच्या वर्षी त्यानं तीनदा फुंकलं आणि तिन्ही वेळा आलेख जमिनीला चिकटून राहिला. "दम आहे की नाही अंगात, काका? अजून जोर लावा," असं प्रतिभा सगळ्यांदेखत ओरडली होती. रांग हसली होती. तिनं शेरा लिहिला: जोर लावला नाही. आलेख फार खाली आला की तसंच लिहायचं, असं पाहणीच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. शेरा पडला की माणूस सरासरीतून गळतो, दवाखान्यात पाठवायच्या यादीतूनही. मग ज्यांची छाती बरी तेवढेच उरतात, आणि अहवालात गावांचा दम वर्षागणिक वाढत जातो.

पंखा अडतो. या वेळी पुन्हा सुरू होत नाही.

दार लाथेनं उघडतं. ऋषी उरकुडे आत येतो, हातात फावडं. खाली चटई नाही, शाळेचा बाक आहे. समोर टेबल, टेबलावर यंत्र. तो फावडं उचलतो आणि यंत्रावर घालतो. काच तिच्या मांडीवर उडते. दुसऱ्या घावाला टेबल मोडतं.

"काका, थांबा."

"बसा मॅडम." तो तिचा अंबाडा मुठीत धरून तिला बाकावर दाबतो आणि नाकाला चिमटा लावतो. पुठ्ठ्याची नळी दातांवर आपटून आत शिरते. "फुका."

ती फुंकते.

"जोर नाही लावला." थोबाडीत बसते. कानात शिट्टी वाजते. "फुका."

भिंतीला टेकून अकरा गावची माणसं बसली आहेत, कार्डं हातात घेऊन. ती हसतात. प्रतिभा फुंकते. दुसरी थोबाडीत बसते. आता बाक तिच्याच स्वयंपाकघरात आहे, ओट्याला लागून, आणि खिडकीपलीकडं मालगाडी उभी आहे. वाघिणीचं दार पडतं. कोळसा खिडकीतून आत कोसळतो. ओटा बुडतो, तिचे गुडघे बुडतात, कंबर बुडते.

"काका, श्वास नाही येत."

"मले बी नव्हता येत. फुका."

तो तिच्या छातीवर गुडघा रोवतो. ती त्याच्या हाताला कडकडून चावते. तोंडात रक्ताऐवजी भुकटी येते. फावड्याचा दांडा तिच्या हाती लागतो. ती तो त्याच्या बरगड्यांवर घालते. एकदा, दोनदा, मग मोजत नाही. दर घावाला रिकामा डबा वाजावा तसा आवाज होतो आणि त्याच्या शर्टातून काळी धूळ उडते. तो हलत नाही. गुडघा काढत नाही.

"झालं?" तो विचारतो. आवाज मऊ आहे, मागच्या वर्षी होता तसाच. "मॅडम, मी खरंच फुकलो होतो. याहून जास्त येतच नव्हतं."

"माहीत होतं मला."

"कधी?"

"तेव्हाच. आलेख पाहिला तेव्हाच कळलं होतं."

"मग काहून लिहिलं तसं?"

"तसं लिहायला सांगितलं होतं."

"हात कोणाचा होता?"

कोळसा गळ्यापर्यंत आला आहे. भिंतीजवळचं आता कुणी हसत नाही.

"माझा," ती म्हणते.

"माही बायको म्हणे, तुमी जोर काहून नाही लावला, दवाखान्यात घेतलं असतं तुमाले." तो नळी पुन्हा तिच्या ओठांशी आणतो, पण या वेळी हलकेच. "फुका. शेवटचं."

प्रतिभा फुंकते. पोट पाठीला लागेपर्यंत फुंकते, डोळ्यांपुढं आधी लाल मग काळं होईपर्यंत फुंकते. नळीतून काही येत नाही तरी फुंकते.

"आई! अगं आई, ऊठ."

मुक्ता, तिची मुलगी, दोन्ही खांदे धरून हलवते आहे. दुपार अजून तशीच आहे. वीज गेली आहे, कूलर बंद. प्रतिभाचा ब्लाउज घामानं भिजला आहे.

"काय करत होतीस? गाल फुगवून नुसती फुंकत होतीस. मी हाका मारतेय केव्हाची." मुक्ता खाली वाकते आणि थबकते. "डोळ्याला काय झालं?"

प्रतिभा उठून आरशापाशी जाते. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात रक्त उतरलं आहे; बुबुळाला खेटून तुरीच्या डाळीएवढा लालभडक डाग.

"दुखतंय का?"

"नाही."

ती पदराच्या टोकानं डोळा पुसून बघते. पदर कोरडाच राहतो. डाग आत आहे.