गुलाबनानांचा तिसरा चहा

काष्टीचे गुलाबनाना मागणाऱ्याला कधी फांदी देत नसत, आणि न विचारता तोडली तर रागावत नसत. "मागितल्याली फांदी जगत न्हाई मास्तर, चोरल्याली जगती," असं ते सांगत. याला आधार काय, असं मी एकदा विचारलं. त्यांनी आपली बाग दाखवली. तिच्यात मागून आणलेलं काहीच नव्हतं.

दर फाल्गुनात नगरला एका वकीलसाहेबांच्या बंगल्यावर फुलांच्या शौकिनांची बैठक भरे. जो तो आपली फुललेली झाडं डब्याकुंड्यांसकट आणी. आधी वकीलसाहेबांचं भाषण होई. त्यात फुलं कमी आणि संस्कृती जास्त असे. मग चहा. चहाच्या वेळी प्रत्येकानं आपल्या झाडाकडे पाठ करून बसायचं, हा तिथला अलिखित नियम. तेवढ्यात कात्र्या चालत. जाताना सगळ्यांच्या पिशव्या फुगलेल्या असत आणि निरोप फार प्रेमानं घेतले जात.

दुष्काळाच्या साली नाना एस.टी.तून एकच डबा घेऊन उतरले. आत गावठी गुलाब होता. नानींनी तो लग्नानंतर माहेरच्या शेजाऱ्याच्या कुंपणातून आणलेला. अर्थात न विचारता. नानी आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

"बाकीची झाडं?" मी विचारलं.

"वाळली. हीर आटली. प्यायाच्या पान्याची बोंब, ह्याला कुठनं घालू? ह्यो बी चैत काढत न्हाई." मग रस्त्यावरच्या नळाकडे बघत म्हणाले, "तुमा नगरवाल्यांचं बरं हाय."

बैठकीत मात्र भलतंच झालं. एकच झाड उरलेल्या माणसाची फांदी कशी तोडायची, म्हणून सगळे एकदम सज्जन झाले. नाना पाठ करून बसले. चहा झाला. त्यांना चहा सोसत नसे, तरी त्यांनी दुसरा मागितला. बेकरीवाले चाचा, दरवर्षीचे पहिले चोर, जवळ येऊन म्हणाले, "नाना, बेफिकीर राहा. आज तुमच्या झाडाला कुणी हात लावणार नाही. मी नजर ठेवून आहे."

"लई उपकार झालं," नाना म्हणाले आणि त्यांनी तिसरा चहा मागितला.

मला झाडांतलं काही कळत नाही, मी आपला नानांच्या सोबतीला जाई. पण तो तिसरा चहा मला पाहवेना. वकीलसाहेबांना भाषणावर तुमचं मत हवंय, असं सांगून मी चाचांना आत पाठवलं आणि त्यांचीच कात्री उचलली.

स्टँडवर नानांनी डबा फिरवून पाहिला. "कुना मेल्यानं हात मारलाय बघा. डोळा बगून कापायची बी अक्कल न्हाई." ते डबा घेऊन गाडीत चढले. मग गाडीच्या खिडकीतून, माझ्या पिशवीकडे न बघता म्हणाले, "त्या अडान्यानं फांद्या आजच लावाव्या. सावलीत. येवढं तरी त्याला कळाया पायजे."

चैत्रात नानांचा गुलाब गेला. माझ्या मोरीच्या पाण्यावर एक फांदी जगली.

पुढे चांगला पाऊस झाला, विहिरी भरल्या, तेव्हा नाना माझ्या घरी आले. मोरीमागचा गुलाब त्यांनी बराच वेळ पाहिला. कुठून आणला, हे विचारलं नाही. मग नेहमीसारखं आत येऊन न बसता ते अंगणातच उभे राहिले आणि म्हणाले, "चहा टाका मास्तर."

मी आत गेलो, आणि चहाला लागतो त्याहून पुष्कळ वेळ लावला.

नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गुलाब मोरीमागे आहे. कुणी फांदी मागितली की मी स्वच्छ नकार देतो, आणि चहा टाकायला आत जातो.