योगेशचा विडा

योगेश वाशिमकडचा. कात्रजजवळ आइस्क्रीमच्या एका कारखान्यात, शीतगृहात काम करतो. ती पाळी बाकीचे टाळतात, हा मागून घेतो. कारण त्याला जन्मापासून घामच येत नाही, उन्हात अंग तापत राहतं. त्याच जन्मजात दोषामुळे त्याला दातही नाहीत. फक्त वर दोन टोकदार सुळे, खाली एकही नाही. लहानपणापासून तो भाकरी दुधात कुस्करून खात आला आणि तोंडापुढे हात धरून हसत आला.

आमच्या दंत महाविद्यालयात तो आला लग्न ठरल्यावर. मुलगी कसबा पेठेतली, श्रद्धा. तिने तर त्याला बिनदाताचा पाहूनच होकार दिला होता. मग एवढी घाई कशाला, असं मी विचारलं.

"मॅडम, लग्नात विडा तोडतात ना," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

नवरीने दातांत धरलेला विडा नवऱ्याने दातांनीच अर्धा तोडायचा. जबड्याचं हाड बारीक, त्यामुळे हाडात बसवायचे पक्के दात लगेच शक्य नव्हते. मी कवळ्या केल्या. वरची त्या दोन सुळ्यांवर टेकणारी. अडचण एकच. समोरून ओढ बसली की ती मागून सुटायची. म्हणून आम्ही सराव केला. विड्याचं एक टोक मी चिमट्यात धरायचे. पहिल्याच झटक्यात विड्यासकट कवळी चिमट्याला लटकली. योगेश खूप हसला, मग त्याने कवळी परत बसवली. बाजूच्या दातांनी तोडायला शिकवलं, तेही कधी जमायचं, कधी नाही.

लग्नाला मी गेले होते. योगेश मान वाकडी करून विड्याकडे जाऊ लागला, तशा श्रद्धाच्या आत्या मथुराबाई म्हणाल्या, "जावईबापू, नवरी समोर आहे. शेजारी काय शोधताय?"

सगळे हसले. त्याने मान सरळ केली आणि विडा समोरून धरला. मी फक्त कवळीकडे बघत होते. क्षणात सगळाच्या सगळा विडा त्याच्या तोंडात गेला. कवळी जागच्या जागी होती.

"अर्धा तोडायचा असतो," मथुराबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी बायकोचा वाटा खाल्लात."

योगेश तोंडभर विडा घेऊन हसला. हात वर गेला नाही.

पुढे हिरडीला कवळी घासते म्हणून दोघं आले. विडा कसा जमला, ते मी विचारलंच.

"मी ओढलाच नाही, मॅडम. चिमट्याची गोष्ट हिला सांगितली होती. मी धरला आणि हिने सोडून दिला."

"मला विडा आवडत नाही," श्रद्धा म्हणाली आणि पक्के दात कधी बसवायचे, ते विचारू लागली.