कराचीच्या दशम्या

आमच्या घरात अंतर मैलांत मोजत नसत. आई ते शिदोरीत मोजायची. लोणावळ्याहून पुण्याला निघालेल्याच्या हातावर नुसती वडी, मुंबईला भाकरी-चटणी, आणि त्यापलीकडे कुठेही जायचं असेल तर दशम्या. कणीक सगळी दुधात मळायची, पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, म्हणजे दशमी प्रवासात चालते आणि टिकतेही. फाळणीच्या कितीतरी आधी दादाला कराचीच्या विमानतळावर नोकरी लागली, तेव्हा आईने त्याला फडक्यात दशम्यांची ही एवढी चळत बांधून दिली. आगगाड्या बदलत बदलत तो पोचेपर्यंत ती पुरायची.

एवढ्या लांबून सुट्टीला आलेला माणूस लगेच परत कसा फिरणार? तो चांगला महिनाभर राहायचा. निघायच्या आदल्या दिवशी आई चुलीपाशी आणि तो तिच्याशेजारी पाटावर. तव्यावरची पहिली दशमी त्याच्याच पोटात जायची. मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. त्या दिवशी हटकून रजा काढायची. वडील गेल्यापासून आमच्या घरात हसण्याबोलण्याचा आवाज असा तेवढाच.

मग त्याच्या विमान कंपनीने विमानात जागा रिकामी असली की नोकरांना बसू द्यायला सुरुवात केली. दादा आला तो फुशारतच.

"आई, सकाळी कराचीहून निघालं की दुपारच्या चहाला मुंबई! तू नुसती हाक मार, मी आलोच."

आईने आळीभर सांगितलं. मलाही वाटलं, कराची आता शेजारच्या कामशेतच्या जरा पुढे, एवढंच.

झालं भलतंच. केव्हाही येता येतं म्हणून तो येईनासा झाला. आलाच तर एका रात्रीपुरता. मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची; त्याला ऐकूही जायचं नाही.

असाच एकदा आला, तेव्हा आईने दूधवालीकडे जास्तीचं दूध मागितलं.

"लेक निघाला व्हय, मावशी? इमानात खायाला देत न्हाईत का?"

"देत असतील. तू दूध घाल."

"लय लांब हाय का त्ये गाव?"

"होतं. आता जवळ आलंय म्हणतात," आई म्हणाली.

ती दशम्या करत होती तेव्हा दादा बाहेर मित्रांना भेटायला गेला होता. परत आला, चळत पाहिली आणि हसला. "अगं, हे फडकं सोडायच्या आत मी पोचलेला असेन. आणि विमानात ओझं नेऊ देत नाहीत."

"खरंच की. विसरलेच मी," म्हणत आईने फडकं मागे घेतलं. संध्याकाळच्या गाडीने तो मुंबईला गेला.

दुसऱ्या दिवशी, तो कराचीत पोचला असेल अशा वेळी, आम्ही दोघी त्याच्या दशम्या खायला बसलो.

"एवढ्या कशाला केल्यास?" मी चिडून विचारलं.

"दशम्या करायला घेतल्या की तो जवळ येऊन बसतो गं."

मला रडूच कोसळलं. आई खात राहिली. पुढे रोज दोन्ही वेळेला आमच्या ताटात दशम्याच. पूर्वी आगगाडीने तो ज्या दिवशी पोचायचा, त्या दिवशी चळत संपली. आईने रिकामं फडकं अंगणात झटकलं, घडी घातली आणि म्हणाली, "पोचला आता."