मधली वाटी

तिच्या हातून निसटलेला स्क्रू आजवर कधी जमिनीवर पोचला नव्हता.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य टेबलाखाली रांगण्यात जातं. तिच्या बाबांचं गेलंच होतं, त्यांचे गुडघे साक्षीला होते. पण लेक शेजारच्या खुर्चीत बसून काम करायला लागली आणि दुकानातलं रांगणं बंद झालं. चिमट्यातून उडालेला स्क्रू असो, स्प्रिंगचा तुकडा असो, सगळं मधल्यामध्ये झेललं जायचं. संध्याकाळी घरी कपडे बदलताना जे सांडेल ते ती एका डबीत भरायची आणि सकाळी दुकानात आणायची. "आमच्याकडे स्क्रू हरवत नाही," असं बाबा गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत. का हरवत नाही हे त्यांनी कधी विचारलं नाही. तिनेही कधी सांगितलं नाही. बापलेकीत काही गोष्टी न बोलता चालू राहतात, चावी दिलेल्या घड्याळासारख्या.

गल्लीत तिला सगळे घड्याळवाली म्हणत. हे तोंडावरचं नाव. पाठीमागचं नाव ती शाळेत असल्यापासून ऐकत आली होती, त्यामुळे तेही तिला पाठ होतं. कवायतीला उंचीप्रमाणे पहिल्या रांगेत यायची, तर बाई तिला शेवटच्या रांगेत नेऊन उभ्या करत. कपड्यांच्या दुकानातली विक्रेती वरपासून खालपर्यंत नजर फिरवून म्हणे, "तुमच्यात नाही येणार हो." तुमच्यात! जणू काही तिच्यासारख्यांचं वेगळं गाव होतं आणि तिथे माल पाठवणं या दुकानाने बंद केलं होतं.

चाळिशी येईपर्यंत तिने हे हसण्यावारी नेलं. दुसऱ्याने करायच्या आत विनोद आपणच करून टाकायचा, म्हणजे निदान तो बरा तरी होतो, हे तिचं धोरण. पण बोटांना विनोद कळत नाही. मान आणि खांदे दुखायचे ते जुने भाडेकरू, त्यांची सवय झाली होती. पट्ट्यांनी खांद्यांवर अशा खाचा पाडल्या होत्या की त्यांत बोट बसावं. आता मात्र उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अधूनमधून झोपी जायला लागलं. चिमटा नीट धरलाय की नाही हे बघून ठरवावं लागे, आणि बघायला जावं तर मध्ये डोंगर. मग टेबलापासून हातभर लांब बसायचं, मान पुढे काढायची आणि बगळ्यासारखं काम करायचं.

एक दिवस एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या लग्नातल्या घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग तिच्या हातात चुरगळली.

बाबांनी डोळ्याचं भिंग काढलं. "लक्ष कुठे असतं तुझं हल्ली?"

"लक्ष जागेवर आहे बाबा. बोटं जागेवर नाहीत."

"जीवनसत्त्वाच्या गोळ्या घे," असं म्हणून बाबांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. भिंग लावलेल्या माणसाशी पुढे बोलता येत नाही, हा त्या दुकानाचा नियम होता आणि बाबा तो अडचणीच्या वेळी बरोबर वापरत.

गोळ्या झाल्या. मनगटाच्या तपासण्या झाल्या, मानेचे फोटो झाले, व्यायाम झाले. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी तिला एका सर्जन बाईंकडे पाठवलं. सर्जन बाई चणीने एवढ्याशा होत्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. त्यांनी तपासलं, खांद्यांच्या खाचांवरून हलकेच अंगठा फिरवला आणि विचारलं, "मग, केवढे हवेत?"

"नकोच," ती म्हणाली. "रंधा मारा. सपाट करून टाका."

बाई हसल्या नाहीत. "तेही करता येतं. कुणाला हवं असतं तसं. पण ते ऑपरेशन वेगळं आणि त्याचा विचारही वेगळा. तुम्हाला ते खरंच हवंय, की राग आलाय?"

एवढं सरळ तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "राग आलाय," ती म्हणाली.

"साहजिक आहे. पण रागाचं माप मला घेता येत नाही." मग बाईंनी कागदावर चित्र काढून नीट समजावलं. अमुक नंबरची ब्रा बसेल असा शब्द कोणी देऊ नये, दोन कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. किती काढता येईल हे छातीच्या रुंदीवर आणि रक्तपुरवठ्यावर ठरतं. हाव धरून फार काढलं तर उरलेलं धोक्यात येतं. व्रण राहतील. काही ठिकाणी स्पर्श कळेनासा होऊ शकतो. खांदे आणि मान बहुतेकींच्या सुटतात. बोटांचं मात्र वचन नाही. "घरी जा. किती नको ते तुम्हाला पाठ आहे. किती हवं ते ठरवून या."

किती हवं! जन्मभर नकोचा पाढा म्हटलेल्या बाईला हे गणित नवीन होतं.

घरी तिने विषय काढला आणि संध्याकाळच्या आत सभा भरली. घरात नवरा होता, बाबा होते आणि बाबांची बहीण, म्हणजे आत्या. आत्या ठेंगणी, पाठीत पोक आलेली आणि तोंडाने फटाकडी.

"देवाने दिलेलं कापून टाकायचं?" आत्या म्हणाली.

"देवाने तुला मोतीबिंदूही दिला होता. काढलास की."

"तो डोळा होता!"

"हे खांदे आहेत."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तीस वर्षं म्हणून घेतलंय, आत्या. दमले असतील बिचारे. आता त्यांना जरा विश्रांती देते."

नवरा गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी आयुष्य काढल्यामुळे जरा कुठे धोका दिसला की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, मग तो गाडीत असो की जेवणाच्या टेबलाशी. तो पाय आता टेबलाखाली दबला होता. "मला काय," तो समजूतदारपणे म्हणाला, "मला कसंही चालेल."

"तुला चालायला ती काय गाडी आहे? मी परवानगी मागत नाहीये, सुट्टी सांगतेय. तेवढे दिवस स्वयंपाक तू करणार आहेस."

पाय तळापर्यंत गेला.

आपलं कुणी ऐकत नाही म्हटल्यावर आत्याने डाव बदलला. "बरं, करायचंच असेल तर थोडंसंच कर. उगाच काडी होऊन येऊ नकोस." ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि घरातल्या झाडून सगळ्या वाट्या घेऊन आली. चटणीच्या चिमुकल्या वाटीपासून कणीक मळायच्या वाडग्यापर्यंत सगळ्या तिने टेबलावर ओळीने पालथ्या मांडल्या. "हे बघ. तू आत्ता इथे." वाडग्यावर तिने टिचकी मारली. "फार तर इथपर्यंत ये." तिचं बोट शेजारच्या वाडग्यावर टेकलं. तो पहिल्याचा सख्खा भाऊ शोभला असता.

"एवढ्यासाठी भूल घेऊ?" घड्याळवालीने ओळीच्या दुसऱ्या टोकाची चटणीची वाटी उचलली. "मला ही हवी."

"अगं, तुझ्या रुंद खांद्यांना ती! कपाटाला दाराची मूठ लावल्यासारखी दिसशील."

नवऱ्याने कुणालाही न दुखावता मधल्या वाटीकडे बोट नेलं, दोन्हीकडच्या नजरा पाहिल्या आणि ते बोट खिशात घातलं.

इतक्यात बाबा आत आले. पालथ्या वाट्यांची रांग त्यांनी पाहिली. "कोण येतंय जेवायला?"

आत्यानेच, दादाला सगळं कळायलाच हवं या निष्ठेने, कळवलं. बाबांनी सगळं ऐकलं आणि खिशात हात घातला, पण भिंग दुकानात राहिलं होतं. निरुपायाने ते डोळे उघडे ठेवूनच उभे राहिले. "तिच्या बोटांना बरं वाटणार असेल तर..." एवढं म्हणून ते बाहेर अंगणात निघून गेले आणि नसलेली फुलं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात, बाबा बाहेर गेले असताना, तिने खुर्ची टेबलाला अगदी भिडवून पाहिली. अर्थातच ती भिडली नाही. तेव्हा तिने खडू घेतला. नीट काम करायचं तर कोपर कुठे टेकायला हवेत, तिथे टेबलावर दोन रेघा ओढल्या आणि हट्टाने कोपर तिथवर नेऊन टेकवले. खाली पाहिलं. हात दिसेनात. अंग मागे रेटून, पोट आत घेऊन, श्वास धरून पाहिलं, तेव्हा कुठे चिमट्याचं टोक दिसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग रागच आला. पण हा राग वेगळा होता. याला माप होतं. बोटांपासून डोळ्यांपर्यंतची वाट, बस्स.

पुढच्या भेटीला आत्या बरोबर आली. सोबत म्हणून आली असं तिचं म्हणणं. पिशवीत तीन वाट्या होत्या.

"ठरलं?" सर्जन बाईंनी विचारलं.

"नंबर सांगता येत नाही. पण टेबलाशी बसले की मला माझे हात दिसायला हवेत. आणि आरशात मीच दिसायला हवी, दुसरी कुणी बाई नको."

बाईंनी चष्मा चढवला. "हे मोजता येईल. आणि हे जमण्यासारखंही आहे."

"लोक फार बारीक झाली म्हणतील," आत्या मध्येच म्हणाली.

"लोकांना सांग टेबलाशी बसून स्प्रिंग लावायला."

आत्याने पिशवीतून वाट्या काढल्या. बाई दचकल्या, पण मुरलेल्या डॉक्टर होत्या. त्यांनी तिन्ही वाट्या निरखल्या, चटणीची बाजूला सारली. "ही नाही. हिच्यासाठी धोका पत्करायचं कारण नाही." मोठीही बाजूला सारली. "हिने खांदे सुटणार नाहीत." मधली त्यांनी आत्याच्या हातात परत दिली. "हिच्या आसपास. अर्धा घास इकडे किंवा तिकडे, ते ऑपरेशनच्या टेबलावर कळेल. मान्य?"

"मान्य," घड्याळवाली म्हणाली.

आपल्या वाटीने शास्त्राला मदत झाली या आनंदात आत्या खुर्चीत सरसावून बसली. मग तिने पदर खांद्यावरून जरा बाजूला केला. आत दोन खाचा होत्या, भाचीच्या होत्या तशाच, फक्त जुन्या आणि काळ्या पडलेल्या. "हे माझ्या वयात करतात का हो?" तिने विचारलं. आणि लगेच भाचीकडे वळून, "मी नुसतं विचारतेय! आम्ही काढलीच की आयुष्यं."

"काढलीत," भाची हळूच म्हणाली. "वाकून."

आत्याने पदर पुन्हा खांद्यावर ओढला आणि तिन्ही वाट्या पिशवीत भरल्या.

ऑपरेशन झालं. जहाजाच्या नांगराच्या आकाराचे दोन व्रण राहिले, एका जागी बोट लावलं तरी कळेना. नवऱ्याने केलेला स्वयंपाक हा ऑपरेशनचा सगळ्यात कठीण भाग होता, असं ती येईल त्या पाहुण्याला सांगायची. करंगळी अजूनही कधीमधी डुलकी काढायची, पण आता हाक मारली की उठायची. समाचाराला आलेल्या एका शेजारणीने दयेने विचारलं, "पण मग... कमीपणा नाही ना वाटत?"

"कमी करायलाच गेले होते," ती म्हणाली. "चहा घेणार?"

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या सकाळी ती दुकानात गेली. बाबा भिंग लावून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुझी खुर्ची पुढे घेतलीय," ते म्हणाले.

खडूच्या रेघा तशाच होत्या. कोणी पुसल्या नव्हत्या. उलट एक पुसट झालेली रेघ कुणीतरी पुन्हा गिरवली होती. तिने तिथे कोपर टेकवले. खाली पाहिलं. समोर तिचे दोन्ही हात होते, मनगटापासून नखांपर्यंत पूर्ण, उजेडात. ती बराच वेळ त्यांच्याकडेच बघत बसली, मग कामाला लागली.

तासाभरात चिमट्यातून एक स्क्रू उडाला. तिने सवयीने स्वतःकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

टिण्.

आवाज जमिनीवरून आला. बाबांचे हात थांबले. दारात उभं असलेलं गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "माझ्या घड्याळाचा होता का?"

"हो," ती म्हणाली. मुलगी झाली हो, असं सांगतात त्या आवाजात म्हणाली. "तुमचाच होता. जमिनीवर पडला!"

गिऱ्हाइकाला यात आनंद कसला ते कळेना. बाबा मात्र खुर्ची मागे सारून, इतक्या वर्षांनी, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर टेबलाखाली उतरले. "आमच्याकडे स्क्रू हरवत नाही," खालून त्यांचा आवाज आला. "थोडा वेळ लागेल, एवढंच."

"सरका बाबा," घड्याळवाली म्हणाली आणि बॅटरी घेऊन तीही खाली रांगत गेली.