डबकेवाल्या मॅडम

पाणी दिसलं की मॅडम आधी चपला काढायच्या. रस्त्याकडेचं डबकं असो की धरणाचा फुगवटा, साडी पोटरीपर्यंत वर खोचायची, आत उतरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. आमच्या मोताळ्याच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. पोरांनी त्यांचं नाव 'डबकेवाल्या मॅडम' ठेवलं होतं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. "ठेवू दे," म्हणायच्या, "निदान नावात तरी डबकं राहील."

माहेर उंद्रीचं. वर्गात पुस्तकी बोलायच्या, पण पाण्यात उतरल्या की भाषाही चपलांबरोबर काठावर राहायची. "तळपायाले गार लागलं तर ते अंगचं पाणी, कोमट लागलं तर आलेलं," हे त्यांचं शास्त्र. अंगचं म्हणजे खालून झऱ्यानं येणारं, आलेलं म्हणजे पावसानं किंवा ओढ्यानं आणून टाकलेलं. पाणथळ नैसर्गिक की बांधलेली, बारमाही की हंगामी, तळं की नुसतं दलदलीचं चिभड, हे सगळं त्या आधी पायांनी ठरवायच्या आणि मग उपकरणं बाहेर काढायच्या. मी एकदा सगळ्यालाच डबकं म्हणाले, तर भडकल्या. "तू कवितेले धडा म्हणतं काय? मग मी काऊन चिभडाले तळं म्हणू?"

जिल्ह्यातल्या पाणथळ जागांची वर्गवारी करायचं काम निघालं, तेव्हा ते त्यांच्याकडे आलं. त्यांना गाडी येत नव्हती, म्हणून माझी स्कुटी त्यात आपोआप जुंपली गेली. मलकापूरकडच्या एका बड्या शेतकऱ्यानं आम्हाला आग्रहानं पोहे खाऊ घातले आणि आपलं शेततळं 'नैसर्गिक तलाव' म्हणून दाखवायची गळ घातली. मॅडमनी पोहे संपवले, लिंबूही पिळून घेतलं, आणि तळ्याच्या काठावरून विचारलं, "दादा, हे काळं प्लास्टिक निसर्गानं कोणत्या दुकानातून आणलं हो?" परत येताना मी गाडी चालवू शकत नव्हते इतकी हसत होते. त्यांच्या या खरेपणाचं मला फार कौतुक वाटायचं. तेव्हा वाटायचं.

मग माझ्या गावची पाळी आली. आमच्या गावाबाहेर म्हसतळं होतं. लव्हाळ्यांनी भरलेलं, हिवाळ्यात बदकांचं, उन्हाळ्यात म्हशींचं. प्लॉट पाडून विकणाऱ्या एका लेआउटवाल्याचा त्याच्यावर कधीपासूनचा डोळा होता. तळं नैसर्गिक ठरलं तर कोणी त्यात मुरूम टाकू शकणार नव्हतं. माणसानं सिंचनासाठी बांधलेलं ठरलं तर त्याला नियमाचं काही संरक्षण नव्हतं. सगळं मॅडमच्या एका शब्दावर आलं होतं. मी निर्धास्त होते.

मे महिना होता. मॅडमची साखर वाढलेली, टाचेला जखम झालेली, आणि डॉक्टरनं अनवाणी चालायला सक्त मनाई केलेली. मुलानं आणलेले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून त्या काठाकाठानं फिरल्या. पाण्यात उतरल्या नाहीत. एका कडेला मात्र सब्बल घालून खणायला लावलं, तर गाळाखाली जुन्या बांधाच्या घडीव दगडांची ओळच लागली. पलीकडे सांडव्याची फरसबंदी.

माझे काका कळवळून म्हणाले, "अवं बाई, हे तयं देवानं केलं. कितीबी दुष्काय पडला तरी आटत नाही हे."

"देव सांडवा बांधत नाही, काका. आणि बांध पक्का असला की पाणी टिकतंच."

घरी जाताना मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मॅडम, दगड गाळात गेलेत, कोणाला दिसतात? टाका ना 'नैसर्गिक' लिहून. मागच्या सीटवरून शांत आवाज आला, "आज मी सोयीनं लिहिलं, तर उद्या तो प्लास्टिकवाला काय वाईट?" ते खरं होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. आजही येतो. त्यांनी 'मानवनिर्मित' लिहिलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात टिप्परांनी म्हसतळं बुजवून टाकलं. आम्ही तक्रार घेऊन तहसीलला गेलो, तर साहेबांनी मॅडमचाच अहवाल आमच्यापुढे सरकवला. "तुमच्याच बाईंनी लिहिलंय," म्हणाले. काकांनी त्यानंतर मॅडमचं नाव घरात काढू दिलं नाही.

तिथे घरं उभी राहिली. यंदा दिवाळी उलटून गेली, पाऊस थांबून महिना होत आला, तरी लेआउटच्या रस्त्यावर पाणी होतं. लोक सरपंचाला शिव्या घालत होते, नळाची लाइन फुटली म्हणत होते. लाइन तर अजून आलीच नव्हती! भर दुपारी मी तिथे गेले, चपला काढल्या आणि डोळे मिटून उभी राहिले. वरचं पाणी उन्हानं तापलेलं. तळपायाला मात्र गार. चांगलंच गार.

म्हणजे झरा होता. आधी तळं होतं, बांध कोणीतरी मागाहून घातला होता. काकांचा देव खरा निघाला होता.

मी तशीच मॅडमकडे गेले. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. म्हसतळ्यावरच्या पाण्यात उतरून आले, एवढंच सांगितलं. खोटं बोलावं असं वाटलं, पण त्यांच्याशी खोटं बोलायची सवयच नव्हती.

"गार?" त्यांनी विचारलं.

"गार, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. जाय, सांग त्याइले."

"कोणाला सांगू? आता तिथे लोकांची देवघरं आहेत."

त्यांनी मान हलवली. पांघरूण जिथे गुडघ्याखाली सपाट झालं होतं, तिकडे बघत राहिल्या. "त्या दिवशी बूट काढायले पाह्यजे होते."

आमचं ते शेवटचं बोलणं. डॉक्टरनं नको म्हटलं होतं ना, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पाय तर तसाही गेलाच होता.