चांगुणाबाईंचा शांत स्वभाव

१९७८च्या सुमारास नाशिकरोडच्या त्या कॉलनीत सोशिक बाई कोण असं विचारलं, तर लोक चांगुणाबाईंचं घर दाखवायचे. नवरा मल्हारी एसटीत कंडक्टर, सासू धोंडाबाई तोंडाने तिखट, आणि येवल्याच्या जावेने शाळेसाठी म्हणून आणून ठेवलेली दोन पोरं. तरी चांगुणाबाईंनी कधी आवाज चढवला नाही. भांडून आलेल्या शेजारणी त्यांच्याजवळ मन मोकळं करायला येत, कारण त्या मधे बोलत नसत. खरं तर त्यांना अर्ध्यातच डुलकी लागलेली असे. पण शेजारणींना ते चिंतन वाटे.

ऐकून ऐकून चांगुणाबाईंनाही ते पटलं होतं. आपल्याला राग येत नाही, म्हणजे आपण इतरांपेक्षा एखादी पायरी वर आहोत, असं त्या मनाशी धरून होत्या. भर मे महिन्यात त्या स्वेटर घालून बसत, केस मूठमूठ गळत, आवाज घोगरा झालेला. देह आहे, झिजायचाच, असं म्हणून तेही त्यांनी वैराग्यात जमा केलं.

चेहरा सुजला तेव्हा मात्र मल्हारीने त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्या म्हणाल्या, "गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंद झालीये. तिचं हार्मोन शरीराला कमी पडतंय. रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी घ्या. जन्मभर."

"थंडी वाजते ती त्यानेच?"

"हो. झोप, सुस्ती, कशातच मन नसणं, सगळं त्यानेच."

चांगुणाबाई गोळ्या घेऊन घरी आल्या. इतक्या वर्षांचं वैराग्य एका ग्रंथीच्या नावावर गेलं होतं.

दोन-तीन महिन्यांत सूज उतरली, स्वेटर ट्रंकेत गेला. एके सकाळी धोंडाबाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "भाकर कच्ची हाय."

"मग तुम्ही भाजा."

सगळं घर दचकलं. सगळ्यांत जास्त दचकल्या त्या चांगुणाबाईच. पण दिवाळीत जाऊ आली तेव्हा त्यांनी तिलाही सरळ सांगितलं, "पोरं आता घेऊन जा. येवल्यात शाळा आहेत."

मल्हारी परस्पर दवाखान्यात गेला. "बाई, अर्ध्या गोळीवर नाही भागणार?"

"का? पेशंट तर बरी आहे."

"ती बरी आहे हो, पण घरच्यांचं काय?"

हे कानावर आल्यावर चांगुणाबाई ओशाळल्या. आपण वाईट झालो या भीतीने त्यांनी गुपचूप गोळी बंद केली. काही आठवड्यांत पुन्हा हातपाय गार पडू लागले, पापण्या जड झाल्या. शेजारची कुसाबाई कौतुकाने म्हणाली, "आता कशा आमच्या जुन्या चांगुणाबाई परत आल्या! मधे काय झालं होतं कोण जाणे."

चांगुणाबाईंना तिचा राग यायला हवा होता. त्यांनी वाट पाहिली. राग आलाच नाही. नुसती जांभई आली. त्या मनातून घाबरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळी घेतली आणि पुढे कधी चुकवली नाही.

शेजारणी मन मोकळं करायला दुसरीकडे जाऊ लागल्या. गोळ्यांनी बाई बिघडली, असं कॉलनीचं मत झालं. धोंडाबाईंची तब्येत मात्र सुधारली. सकाळ-संध्याकाळ सुनेशी कडाकडा भांडून त्या दोन घास जास्त जेवायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, "इतकी वर्सं भिंतीशी बोलत व्हते. आता कुठं घरात माणूस आलंय."